येथे सर खोकतात

"काळ कोणासाठीही थांबत नाही! पृथ्वीला साडेचारशे कोटी वर्षं झाली. डोंगर उभे राहिले आणि झिजले, समुद्र आले आणि आटले, पण काळ एक क्षणभरही थांबलेला नाही."

खोली क्रमांक सातमध्ये जीवाश्मशास्त्राच्या सरांनी हे उद्गार काढले, तेव्हा त्यांच्या डोक्यावरचं भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून वीस मिनिटांवर थांबल्याला तीन वर्षं होऊन गेली होती. उद्गार संपले आणि सर खोकले. ते या वाक्यानंतर दरवर्षी खोकतात. बावीस वर्षांपूर्वी खरोखरच घसा बसला होता म्हणे. पुढे घसा बरा झाला, पण खोकला अभ्यासक्रमात राहून गेला.

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी 'जीवाश्मांची ओळख' हा विषय सर एका तपकिरी पुठ्ठ्याच्या वहीतून शिकवत. आधी हजेरी घ्यायची. साठ नावं, साठ वेळा "येस सर". मग चष्मा काढून टेबलावर ठेवायचा, कारण वाचायचं बिनचष्म्याने आणि लांबचं बघायचं चष्म्याने, असं त्यांच्या डोळ्यांचं वाटप होतं. मग "लिहून घ्या" म्हणून वही उघडायची आणि घंटा होईपर्यंत मान वर करायची नाही. मुलांनी त्यांचं नावच 'लिहून घ्या' ठेवलं होतं.

मुलं मात्र काही लिहून घेत नसत. गरजच नव्हती. फार वर्षांपूर्वी एका मन लावून शिकणाऱ्या मुलीने सरांचा शब्द न् शब्द टिपून ठेवला होता, आणि त्या नोट्सच्या झेरॉक्सच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स कॉलेजच्या फाटकासमोरच्या दुकानात मिळत. मुलगी इतकी प्रामाणिक, की काळाच्या वाक्यापुढे तिने कंसात लिहिलं होतं, 'येथे सर खोकतात'.

ह्या कंसानेच पुढे घात केला.

सहामाहीच्या चाचणीत 'भूशास्त्रीय काळ' या विषयावर टीप लिहा, असा प्रश्न होता. सर घरी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. पहिल्या तीन त्यांनी नेहमीप्रमाणे झोपेत तपासल्या. चौथीत वाचलं, "काळ कोणासाठीही थांबत नाही (येथे सर खोकतात)." सरांनी चष्मा घातला. मग चष्मा काढला. पुढच्या गठ्ठ्यात आणखी दहा जण खोकले. एकाने तर त्या कंसाखाली रेघ मारली होती, महत्त्वाचं म्हणून.

"सगळे दगड आहेत," सर शिलाई मशीनवर बसलेल्या बायकोला म्हणाले. "डोकं म्हणून नाही एकाला."

बायको गावभराचे कपडे शिवत असे. तोंडातल्या टाचण्या काढून ती म्हणाली, "बावीस वर्षं एकाच मापाचा झगा शिवताय. गिऱ्हाईक अंगात घालत नाही, तर गिऱ्हाइकालाच वाकडं म्हणताय. माझ्या दुकानात असं केलं असतं तर आपण दोघं तुमचे दगड चघळत बसलो असतो." आणि टाचण्या पुन्हा तोंडात धरून तिने चर्चा संपवली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यबाईंचं बोलावणं आलं. त्यांच्या टेबलावर, सरांनी सकाळीच जमा केलेल्या गठ्ठ्यातून निघालेली, त्या अकरा उत्तरपत्रिकांपैकी एक होती. ती उडू नये म्हणून तिच्यावर वेटोळ्या शंखाचा एक सुरेख जीवाश्म ठेवलेला होता. तो सरांनी ऐन तरुणपणी, दोन दिवस उपाशीपोटी एका खडकात खणून काढला होता. प्राचार्यबाई स्वभावाने चांगल्या, पण त्यांना वाटायचं की तो शोभेच्या दुकानातून आलाय.

बाईंनी शांतपणे सांगितलं ते असं. तीन आठवड्यांनी एक समिती येणार आहे. कोणते विषय ठेवायचे आणि कोणते बंद करायचे, हे ती वर्गात बसून ठरवणार. वर्ग असाच दिसला, तर पुढच्या वर्षापासून 'जीवाश्मांची ओळख' बंद. खोली सातमध्ये मोडके बाक ठेवायचे. सरांना परीक्षा विभागात घ्यायचं. तिथे बाकांवर आसन क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवायला माणूस हवाच आहे.

"आणि खोलीतली माझी सात कपाटं?" सरांनी विचारलं. त्या कपाटांत त्यांची सगळी हयात होती. मासे, पानं, दात, शिंपले, आणि एका पक्ष्याचं बोटभर हाड.

"कागदांवर वजन म्हणून ठेवायला आम्हाला दगड लागतातच," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच धीर द्यायचा होता.

सर त्या दिवशी तासाला गेले ते उसनं अवसान आणून. हजेरी घेतली, साठच्या साठ "येस सर" आले, चष्मा निघाला, वही उघडली. धडा होता पाऊलखुणांच्या जीवाश्मांचा. चिखलात उमटलेली आणि पुढे दगड झालेली पावलं बघून प्राणी केवढा होता, कुठून आला, चालत होता की पळत होता, हे सगळं कसं ओळखतात, ते सरांनी पान एक्केचाळीसवरून पंचेचाळीस मिनिटं वाचलं. घंटा झाली. सर निघाले. जिना उतरल्यावर लक्षात आलं की वही टेबलावरच राहिली.

ते परत आले तेव्हा खोलीत झाडलोट करणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून फरशीकडे बघत उभ्या होत्या.

हे रोजच्यासारखं नव्हतं. मावशी रोज तास सुटला की पाच मिनिटांत खोली पुसून मोकळ्या होत. पण खोली सातच्या पुढच्या दारासमोर पाण्याची पाइप बदलायला मोठा चर खणला होता. दोन्ही बाजूंना ओली लाल माती पडलेली, ती तुडवल्याशिवाय आत येता येत नव्हतं. आणि पाइपच काढलेली, त्यामुळे नळाला पाणी नाही. म्हणजे चिखल होता पण पुसायला पाणी नव्हतं. बांधकाम खात्याचं नियोजन सगळीकडे सारखंच असतं.

"बघा काय करून ठेवलंय," सर म्हणाले.

"तेच बघतेय," मावशी म्हणाल्या. "एकोणीस जण पळाले आज तुमचे."

सरांनी हजेरीपट पुढे केला. साठ हजर. मावशींनी हजेरीपटाकडे पाहिलंही नाही. त्यांनी झाडूचा दांडा फरशीवर टेकवला आणि एकेक दाखवत गेल्या. हा जाड तळव्याचा बूट पुढच्या दाराने आला, तिसऱ्या बाकाशी थांबला, "येस सर" म्हणण्यापुरता टेकला, आणि मागच्या दाराने बाहेर. ही सपाट चप्पल पण तशीच. ह्या दोघी बसल्या, पण पावलं एकमेकींकडे वळलेली, म्हणजे तासभर गप्पा. हा एक गडी पाय पुढे लांब करून बसला आणि घंटेपर्यंत पाय हलवलाच नाही.

"मन लावून ऐकत असेल," सर म्हणाले.

"टाचा बाहेर पडल्यात सर. झोपलेल्या माणसाच्याच टाचा अशा पडतात. माझ्या नवऱ्याला तीस वर्षं बघतेय."

सर खाली वाकले. बावीस वर्षं ते जे पान एक्केचाळीसवरून वाचत होते, ते त्यांच्या पायांशी ओलं पडलं होतं, आणि चष्मा काढल्यामुळे त्यांना दिसलं नव्हतं. शेवटी मावशींचा दांडा टेबलापाशी आला.

"आणि हे तुमचे बूट. दार ते खुर्ची, खुर्ची ते दार. फळ्याकडे एक पाऊल नाही, बाकांकडे एक पाऊल नाही. बावीस वर्षं मी एवढंच पुसतेय."

सरांना बोलायला काहीतरी हवं होतं म्हणून ते बोलले. "मावशी, शिकवायचं कोणाला? दगड आहेत सगळे."

मावशी हसल्या. "सर, तुम्ही तर दगडांचेच डॉक्टर. कपाटातला तो मासा कोटी वर्षांचा मेलेला, तो तुमच्याशी बोलतो म्हणता. काय खाल्लं, कसा मेला, सगळं सांगतो. आणि ही अठरा वर्षांची जिती पोरं बोलत नाहीत? त्या माशाला तुम्ही भिंग लावून बघता. पोरांना बघायला चष्मा तरी ठेवता का डोळ्यांवर?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर नीट बसवला. एकेक ठसा पुन्हा बघितला. मग म्हणाले, "मावशी, उद्यापर्यंत ही फरशी पुसू नका."

"पाणी आहे कुठे पुसायला," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुलं दारात आली आणि थबकली. दारापासून दोरी बांधली होती. बाक भिंतीला सरकवलेले. फळ्यावर एकच ओळ होती, 'काल इथे काय घडलं?' आणि सर चक्क चष्मा घालून उभे होते. आपल्याला इतक्या लांबून बघू शकणारा हा माणूस मुलांना नवीनच होता.

"लिहून घेऊ का सर?" पहिल्या बाकावरची खिडकीजवळ बसणारी मुलगी सवयीने म्हणाली.

"नको. बघून घे."

काय चाललंय हे कळलं तेव्हा एकोणीस चेहरे उतरले. सरांनी जाहीर केलं की कोणालाही शिक्षा होणार नाही. ज्याचं नाव निघेल त्याने फक्त पुरावा खोटा ठरवून दाखवायचा. हे ऐकून वर्गाला कंठ फुटला. कोणी पट्टी आणली, कोणी दोरा. खडूने ठशांभोवती गोल काढले गेले. "तो बूट माझा नाही" असं म्हणणाऱ्याला धरून त्याच्याच मित्रांनी त्याचा बूट काढला आणि ठशावर ठेवला. दोन पावलांमधलं अंतर मोजून कोण रमतगमत गेला आणि कोण पळाला, यावर वाद झाले. पान एक्केचाळीस ते त्रेचाळीस कोणीही न वाचता होऊन गेलं.

एक पाऊलवाट मात्र सुटेना. ती मागच्या दारातून आत आलेली दिसत होती, आणि बाकापाशी येऊन संपत होती. पण मागच्या दाराबाहेर चिखलच नव्हता.

खिडकीवाली गुडघ्यांवर बसली, नाक फरशीला लागेल इतकी वाकली. "हा आत आलाच नाही," ती म्हणाली. "हा बाहेर गेलाय. उलटा चालत. दाराकडे जाताना ठसे फिकट होत गेलेत, चिखल संपत गेला ना. आत येणाऱ्याचे बाकाकडे फिकट झाले असते."

मागच्या कोपऱ्यातल्या एका किडकिडीत मुलाचे कान लाल झाले. त्याने कबूल केलं. आपण आत आलोय असं वाटावं म्हणून तो रोज उलट्या पावली पळत असे. सरांनी त्याला जवळ बोलावलं. सगळ्यांना वाटलं, आता संपलं.

"बाळा, एवढी अक्कल तू पळून जाण्यात घालवत होतास? मला आधी सांगायचं नाही का?" सर म्हणाले. त्या दिवसापासून त्याचं नाव 'उलट्या' पडलं आणि तो खिडकीवालीच्या शेजारी बसू लागला.

मग सरांना चेव चढला. दाराजवळच्या एका विचित्र खुणेकडे बोट दाखवून त्यांनी विवेचन सुरू केलं. दोन पावलं, आणि मध्ये ठरावीक अंतराने वाटोळा, खोल ठसा. हा माणूस वजनदार असावा, वयस्क असावा, जाड काठी टेकत आला असावा. काठी डाव्या हातात, म्हणजे उजवा गुडघा अधू. सर दहा मिनिटं बोलले आणि इतके सुंदर बोलले की दोघातिघांनी लिहून घेतलं.

"ती माझी बादली आहे," दारातून मावशी म्हणाल्या.

सर थांबले. बावीस वर्षांत जे वाक्य त्या खोलीत कधी ऐकू आलं नव्हतं, ते आता आलं.

"मी चुकलो," सर म्हणाले.

मुलांना आधी वाटलं, खोकणार. पण सर हसायला लागले, आणि हसत हसत त्यांनी सांगितलं की याच शास्त्रात एका नामांकित विद्वानाने एका सागरी प्राण्याचं डोकं त्याच्या शेपटीला बसवलं होतं, आणि ते दुसऱ्याने दाखवून दिलं. चूक सापडली की शास्त्र पुढे जातं. फक्त मावशी दारात उभ्या असाव्या लागतात. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. शेवटी पुढच्या तासाच्या गणिताच्या बाईंनी हाकलून काढलं.

त्यानंतरचे दोन आठवडे तो वर्ग कॉलेजला आवरेना. सातही कपाटांची कुलपं निघाली. काचेपलीकडचे दगड मुलांच्या हातात आले, आणि नाव लिहिलेली चिठ्ठी आधी झाकायची, असा नियम झाला. हा दात गवत खाणाऱ्याचा की मांस खाणाऱ्याचा, यावर भांडणं झाली. एकमेकांची तोंडं उघडून दाढा तपासल्या गेल्या. शिक्षकांच्या खोलीतली कचऱ्याची टोपली आणून थराथराने उपसली गेली. सगळ्यांत खालचा थर सगळ्यांत जुना, हे तिथेच शिकून झालं, आणि भाषेचे सर डाएटवर असूनही दुपारी क्रीमची बिस्किटं खातात, हेही निष्पन्न झालं. शेजारच्या इमारतीच्या मागच्या पायऱ्यांना हिरवा रंग लावायला घेतला होता. त्या रंगाचा माग काढत मुलांनी कोणत्या विषयाच्या तासाला किती जण मागून पळतात, याचा तक्ता केला. तो तक्ता प्राचार्यबाईंनी जप्त केला आणि, असं म्हणतात, घरी नेऊन दोनदा वाचला.

सरांनी एकदा तपकिरी वही उघडलीच. वाक्य आलं, "काळ कोणासाठीही थांबत नाही." सरांनी श्वास घेतला, तेवढ्यात अख्खा वर्ग एका सुरात खोकला. सरांनी वही मिटली ती कायमची.

आणि एका सकाळी मावशींनी सरांना मागच्या दारापाशी नेऊन फरशी दाखवली. तिथेही आता पावलं होती. लाल मातीची नव्हेत, खडूच्या भुकटीची, आणि सगळी आतल्या दिशेने. दुसऱ्या वर्गांची मुलं आपापले तास सोडून मागच्या दाराने खोली सातमध्ये येऊन बसत होती.

"उलटे चालले नाहीत ना?" सरांनी विचारलं.

"तपासलंय मी," मावशी म्हणाल्या.

समितीचा दिवस उजाडला. पाइपचं काम आठ दिवसांचं होतं, म्हणजे अर्थातच तीन आठवडे चाललं होतं, आणि चर जसाच्या तसा होता. समितीचे तिघे चिखल तुडवत आत आले. अध्यक्ष उंच, गंभीर, बुटांना आरसा करून आलेले गृहस्थ होते. त्यांनी रिकाम्या जागा मोजायला मान वर केली, पण रिकामी जागा नव्हती. मुलं खिडकीत बसली होती. प्राचार्यबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

अध्यक्षांचा अशा गर्दीवर विश्वास नव्हता. गर्दी आदल्या दिवशी सूचना लावून जमवता येते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी सरळ पहिल्या बाकावरच्या एका मुलाला उठवलं. तो नेमका उलट्या होता.

"काय शिकलात तुम्ही या विषयात? पाठ केलेलं सांगू नका."

उलट्याने अध्यक्षांच्या पायांकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. तो कशाकडे बघून थांबला, हे सरांनाही दिसलं होतं. सातही कपाटं त्या क्षणी त्या पोराच्या जिभेवर होती. सरांनी मान हलवली. सांग.

"तुम्ही आत्ता दारापासून इथवर आलात, सर," उलट्या म्हणाला. "लाल ठशांत डाव्या टाचेला हिरवा रंग आहे. हिरवा रंग फक्त शेजारच्या इमारतीच्या मागच्या पायऱ्यांना आहे, आणि तो आज सकाळी दुसऱ्यांदा लावलाय. त्या पायऱ्यांवरून फक्त तास अर्धवट सोडून जाणारेच उतरतात. मी स्वतः उतरायचो. म्हणजे तुम्ही इथे येण्याआधी तिकडच्या तासाला बसला होतात, आणि..." त्याने नजर टाचेवरून वर नेली. "आणि मधूनच निघालात, सर."

प्राचार्यबाईंनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षांनी सावकाश डावा पाय उचलला, टाच वळवून पाहिली, आणि समितीतल्या बाकी दोघांनीही आपापले पाय हळूच उचलले. तिन्ही टाचा हिरव्या होत्या.

अध्यक्षांचे खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं संतापले. मग लक्षात आलं की हा माणूस हसतोय, आणि बऱ्याच वर्षांनी हसत असल्यामुळे त्याला ते नीट जमत नाहीये.

"तिकडे ते वहीतून वाचत होते हो," ते म्हणाले. मग सोबतच्या कारकुनाकडे वळले. "लिहून घ्या. विषय चालू ठेवावा. दुसऱ्या वर्षालाही सुरू करावा. आणि मोडके बाक दुसरीकडे ठेवावेत."

टाळ्यांनी खोली हादरली. भिंतीवरचं घड्याळ खिळ्यावरून घसरून खाली पडलं आणि पडल्या धक्क्याने चालू झालं. ते वेळ चुकीचीच दाखवत होतं, पण चालत होतं. प्राचार्यबाई आपल्या खोलीत गेल्या आणि परत आल्या त्या वेटोळा शंख दोन्ही हातांत धरून. तो त्यांनी कपाटात जागेवर ठेवला. त्या आठवड्यात त्यांचे बरेच कागद उडाले, पण त्यांनी तक्रार केली नाही.

फाटकासमोरच्या दुकानात आता नव्या नोट्सच्या झेरॉक्स मिळतात. त्या खिडकीवालीने काढल्या आहेत. त्यांत बादलीच्या चित्रापुढे कंसात लिहिलंय, 'येथे सर चुकले'.

तर वाचकहो, आपण सगळेच कुठे ना कुठे मास्तर असतो. कोणी वर्गात, कोणी कचेरीत, कोणी नुसतं घरच्या जेवणाच्या टेबलावर. समोरचा ऐकत नाही, की आपण चटकन त्याला दगड म्हणतो आणि पुढे वाचू लागतो. पण दगड म्हणायचंच असेल तर निदान दगडाला देतो तेवढा मान त्याला द्यावा. जवळ जावं, वाकावं, डोळ्यांवर चष्मा ठेवावा आणि विचारावं. जो विचारतो त्याच्याशी कोटी वर्षांचा मासासुद्धा बोलतो. आणि चुकलो, तर तसं मोठ्याने म्हणावं. त्याने वर्ग जागा होतो.

हे सगळं सरांनी समितीच्या दिवशी, खोली रिकामी झाल्यावर, खुर्चीत बसून म्हणून दाखवलं. ऐकायला मावशी एकट्याच होत्या. नळाला त्याच दुपारी पाणी आलं होतं.

"मावशी," सर शेवटी म्हणाले, "आज या फरशीवर इतिहास लिहिला गेला."

"हो सर," मावशी बादलीत फडकं पिळत म्हणाल्या. "जरा पाय वर घेता का?"